‘रिडन्डन्सी’चं भाषांतर ‘अनावश्यकता’ करण्याआधी

सर्व्हरच्या माहितीपत्रकात ‘रिडन्डन्ट पॉवर सप्लाय’ असं छापलेलं असतं. शब्दकोश उघडला की पहिला अर्थ सापडतो ‘अनावश्यक, जादा’. मग मराठी मागणीपत्रात ‘अनावश्यक वीजपुरवठा, २ नग’ असं उतरतं आणि लेखा विभाग शेरा मारतो : अनावश्यक आहे तर खरेदी कशासाठी? शेऱ्यात काही चूक नाही. चुकलंय ते भाषांतर. इथे ‘रिडन्डन्ट’ म्हणजे एक सप्लाय जळाला तर त्याच क्षणी भार उचलणारा दुसरा. सर्व्हर चोवीस तास चालू ठेवायचा असेल तर तोच सगळ्यात आवश्यक.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून स्पर्धा परीक्षा देणारे, इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेले, निविदा आणि परिपत्रकं मराठीत उतरवणारे, किंवा पुण्यात बसून इंग्लंडच्या ग्राहकाचं काम करणारे, या सगळ्यांची गाठ या शब्दाशी कधी ना कधी पडतेच. प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो, म्हणून एकच मराठी शब्द पाठ करून भागत नाही.

मुळात ही लाट आहे

लॅटिनमध्ये ‘उंडा’ म्हणजे लाट. तिच्यापासून झालं ‘रेडुंडारे’, म्हणजे भरून ओसंडणं. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावर तापी दुथडी वाहते ते चित्र डोळ्यांपुढे आणा, मूळ अर्थ पुन्हा विसरणार नाही. ‘अबन्डन्स’, ‘इनन्डेट’ आणि, खरं वाटणार नाही, पण ‘सराउंड’ हे शब्दही त्याच लाटेचे भाऊबंद.

ओसंडलेलं पाणी केळीच्या बागेत शिरलं तर नुकसान, विहिरीत मुरलं तर उन्हाळ्याची सोय. ‘रिडन्डन्सी’चंही तसंच आहे. ‘आत्ताचं काम भागून वर उरलेलं’ एवढंच हा शब्द सांगतो. ते उरलेलं ओझं आहे की आधार, हे वाक्यातल्या बाकीच्या शब्दांवरून ठरवावं लागतं.

पायरी १ : शब्दाचे शेजारी बघा

शेजारी पे, नोटीस, रोल, व्हॉलंटरी, कन्सल्टेशन असे शब्द दिसले तर विषय नोकरीचा. वर्डिंग, सेंटेन्स, फ्रेज, स्टाइल दिसले तर भाषेचा. पॉवर, डिस्क, लिंक, पंप, ‘एन प्लस वन’ दिसलं तर राखीव यंत्रणेचा. टेबल, रेकॉर्ड, एन्ट्री म्हणजे डेटाबेस. बिट, कोड, चॅनल म्हणजे संदेशवहन. मेंबर, ट्रस, फ्रेम म्हणजे बांधकाम. दहातली नऊ वाक्यं इथेच सुटतात.

पायरी २ : अनेकवचन आहे का ते बघा

‘रिडन्डन्सीज’ असं अनेकवचन, तेही आकड्यासोबत, म्हणजे ‘टू हंड्रेड रिडन्डन्सीज’, दिसलं तर बहुतेक वेळा दोनशे जणांच्या नोकऱ्या गेल्या असंच समजा. यंत्रांबद्दल किंवा माहितीबद्दल हा शब्द सहसा एकवचनी आणि न मोजता येणारा असतो. लेखनातल्या द्विरुक्त्यांसाठी अनेकवचन येतं, पण तिथे शेजारचे शब्द लगेच फरक दाखवतात.

पायरी ३ : लिहिणारा कुठला ते बघा

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथला असेल तर नोकरीचा अर्थ आधी तपासा. अमेरिकी माणूस त्याच गोष्टीला ‘लेऑफ’ म्हणतो. त्याच्या तोंडी ‘रिडन्डन्सी’ आली तर ती बहुधा यंत्राची किंवा भाषेची.

पायरी ४ : काढून बघा

जी गोष्ट ‘रिडन्डन्ट’ म्हटली आहे ती मनातल्या मनात काढून टाका आणि दोन प्रश्न विचारा. आज काही अडलं का? उत्तर नेहमी ‘नाही’ येईल, म्हणून तर हा शब्द वापरलाय. दुसरा प्रश्न महत्त्वाचा : काही बिघडलं, कुणी चुकलं, आवाज तुटला, तर त्या दिवशी अडेल का? ‘तरीही नाही’ असेल तर ‘अनावश्यक, फाजील, पुनरुक्त’ या घराण्यातला शब्द घ्या. ‘हो, अडेल’ असेल तर ‘राखीव, पर्यायी, जोडीचा’ या घराण्यातला. नोकरीच्या अर्थाला ही कसोटी लावू नका; तिथे माणसं आहेत आणि नियम कायद्याचे आहेत.

नोकरीतली रिडन्डन्सी : जागाच उरत नाही

‘शी वॉज मेड रिडन्डन्ट’ याचा अर्थ तिला काढून टाकलं एवढाच नाही. ती जे काम करत होती ते कामच मालकाला आता नको आहे, किंवा ते ठिकाण बंद होतंय, किंवा तेवढी माणसं लागत नाहीत. चोरी, गैरहजेरी, वाईट काम यांसाठी काढलं तर ते ‘सॅक’ किंवा ‘फायर’. बायोडेटात हा फरक फार मोलाचा असतो, कारण ‘मेड रिडन्डन्ट’ने माणसावर डाग लागत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द शाळांमध्ये रोज ऐकू येतो : ‘सर सरप्लस झाले’. पटसंख्या घटली, तुकडी तुटली, पद गेलं, सरांचा दोष काही नाही. इथपर्यंत जुळतं. पुढे अतिरिक्त शिक्षकाचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं, तर ब्रिटनमधल्या रिडन्डन्सीत नोकरी संपते आणि हिशेब होतो. म्हणून ‘अतिरिक्त ठरणे’ हे भाषांतर चालेल, ‘समायोजन’ चालणार नाही. ‘बडतर्फ’ तर मुळीच नको, त्यात शिक्षा आहे.

व्याकरणाची एक ठरावीक चूक आहे. हे क्रियापद नाही. ‘कंपनी रिडन्डन्टेड हिम’ असं काही नसतं. ‘मेक समवन रिडन्डन्ट’ अशीच रचना करावी लागते. ‘टेक व्हॉलंटरी रिडन्डन्सी’ म्हणजे स्वतःहून पुढे येऊन पैसे घेऊन बाहेर पडणं, आपल्या स्वेच्छानिवृत्तीच्या जवळचं.

ब्रिटिश कंपनीकडून ‘युअर रोल इज ॲट रिस्क ऑफ रिडन्डन्सी’ असं पत्र आलं तर नोकरी गेली असं धरून बसू नका. ‘ॲट रिस्क’ म्हणजे निर्णय व्हायचा आहे, सल्लामसलत सुरू होतेय. तिथल्या नियमाप्रमाणे ९० दिवसांच्या आत एकाच आस्थापनेतून २० किंवा जास्त जागा जाणार असतील तर पहिली नोकरी संपण्याच्या किमान ३० दिवस आधी सामूहिक सल्लामसलत सुरू करावी लागते. १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस आधी.

पैशांचा हिशेब असा : सलग दोन वर्षं नोकरी झालेली हवी. वयाच्या २२ वर्षांआधीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला अर्धा आठवडा, २२ ते ४० वयातल्या वर्षाला एक आठवडा, ४१ पासून पुढच्या वर्षाला दीड आठवडा पगार. जास्तीत जास्त २० वर्षं धरतात आणि आठवड्याच्या पगारालाही सरकारी कमाल मर्यादा असते, ती दरवर्षी बदलते. उदाहरणार्थ, वय ४५, नोकरी १० वर्षं, आठवड्याला ५०० पौंड. मागे मोजत जायचं : ४१ नंतरची ४ वर्षं गुणिले दीड म्हणजे ६ आठवडे, उरलेली ६ वर्षं म्हणजे ६ आठवडे. एकूण १२ आठवडे, ६,००० पौंड. ही कायद्याने ठरलेली किमान रक्कम. करारात जास्त असेल तर जास्त मिळते. बेरीज चुकते ती बहुतेकदा सगळ्या वर्षांना आजच्या वयाचा दर लावल्याने.

भारतीय कायद्याचा शब्द ‘रिट्रेंचमेंट’ आहे, म्हणजे कामगार कपात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार असं गणित होतं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही शब्द तोच राहिला. भारतीय कारखान्याच्या कागदात ‘रिडन्डन्सी’ लिहिली तर समजेल, पण कायद्याचं कलम लागू करताना ‘रिट्रेंचमेंट’च लागेल.

इथेच एक खड्डा आहे. भारतीय कायद्यातला ‘ले-ऑफ’ तात्पुरता असतो : कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र मोडलं, म्हणून काम देता आलं नाही, हजेरीपटावर नाव कायम. अमेरिकी ‘लेऑफ’ म्हणजे बहुधा कायमचा रामराम. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ बातमीच्या भाषांतरात सर्रास गुंततात.

भाषेतली रिडन्डन्सी : कात्री कुठे चालवायची

मराठी शाळेत याचं उदाहरण ठरलेलं आहे : पिवळा पीतांबर. पीत म्हणजे पिवळा, अंबर म्हणजे वस्त्र. दुसरं उदाहरण लग्नाच्या प्रत्येक कमानीवर लावलेलं असतं : ‘सुस्वागतम्’. स्वागत या शब्दात सु आधीच आहे, सु आणि आगत मिळूनच तो झाला. गाईचं गोमूत्र, विंध्याचल पर्वत, सज्जन माणूस, पुन्हा परत, अंदाजे सुमारे ५० लोक, ही सगळी त्याच गावची मंडळी.

इंग्रजी अर्जात आपल्याकडून होणाऱ्या द्विरुक्त्या साधारण ठरलेल्या असतात. ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’मध्ये ‘री’ मागे किंवा पुन्हा हे सांगून मोकळा झालेला असतो. ‘डिस्कस अबाउट’मध्ये अबाउट नको, डिस्कस म्हणजेच एखाद्या गोष्टीबद्दल बोलणं. ‘फाइव्ह ए. एम. इन द मॉर्निंग’मध्ये सकाळ दोनदा उगवते. ‘द रीझन इज बिकॉज’ हे ‘कारणाचं कारण’. त्याजागी ‘द रीझन इज दॅट’ लिहा. ‘फ्री गिफ्ट’, ‘पास्ट हिस्टरी’, ‘न्यू इनोव्हेशन’, ‘फायनल आउटकम’ यांतला पहिला शब्द झाकून वाचा. अर्थ तसाच राहतो, म्हणजे तो खोडा.

लघुरूपांची गंमत वेगळी. ईव्हीएम मशीन, पिन नंबर, एटीएम मशीन, सीएनजी गॅस, एसी करंट : प्रत्येकात शेवटचं अक्षर फोडून बघा, पुढचा शब्द आतच दडलेला आहे. प्रबंधात किंवा निविदेत हे काढावं. बोलताना काढायच्या मागे लागू नये, असं आमचं मत. बाजारात ‘पिन सांग’ म्हटलं की समोरचा विचारतो, पोस्टाचा की कार्डाचा, की टाचणी? वर चिकटवलेल्या ‘नंबर’ने निदान टाचणी तरी बाद होते.

कात्री चालवताना चार जागी हात आखडा.

पहिली जागा, कायद्याचे कागद. ‘नल अँड व्हॉइड’, ‘सीझ अँड डेसिस्ट’ या जोड्या शतकानुशतकं तशाच लिहिल्या जातात. एक शब्द गाळला तर वाचणारा वकील ‘मुद्दाम गाळला का?’ असा विचार करतो. आपल्या खरेदीखतातलं ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ ही तर द्विरुक्ती नव्हेच. प्रत्येक शब्द वेगळी वस्तू विकतो आहे. झाड आणि लाकूड एकच समजून ‘काष्ठ’ खोडलं तर पडलेल्या लाकडावरून भांडण उभं राहील.

दुसरी जागा, मराठीतले अभ्यस्त शब्द. ‘हळूहळू’मधला एक ‘हळू’ काढला तर अर्थ बदलतो. ‘चहाबिहा’तला ‘बिहा’ निरर्थक दिसतो, पण ‘आणि सोबत काहीतरी’ हे तोच सांगतो. शेवभाजी आणि भाकरीचा बेत ‘बिहा’तच लपलेला असतो, भो!

तिसरी जागा, जोर देण्यासाठी मुद्दाम केलेली पुनरावृत्ती. ‘मी स्वतः माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ यात डोळे वरचे आहेत, पण साक्षीला बळ तेच देतात.

चौथी जागा, सुरक्षेच्या सूचना. गोंगाटात एक शब्द निसटला तरी दुसऱ्याने अर्थ पोचायला हवा; ते कसं, हे पुढच्या भागात येतंच.

संदेशातली रिडन्डन्सी : चूक पकडणारा पाहुणा

काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे काढून ‘भसवळ’ लिहिलं तरी खान्देशातला कुणीही भुसावळ वाचेल. ‘चळसगव’ही ओळखू येतं. पण ‘धळ’? धुळे की धूळ? शब्द जितका लहान तितकी त्यातली वरकड माहिती कमी, आणि चूक झाली की सावरायला जागा नाही. माहिती सिद्धान्ताचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली याच गोष्टीला गणितात बसवलं. साधारण आठ अक्षरांपर्यंतचे संबंध धरले तर छापील इंग्रजीची रिडन्डन्सी सुमारे ५० टक्के, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे लिहिताना निम्मी निवड आपली, निम्मी भाषेच्या रचनेने आधीच केलेली. ‘क्यू’नंतर ‘यू’ येणार हे लिहिण्याआधीच माहीत असतं.

मराठी या बाबतीत हातचं राखत नाही. ‘त्या दोन पिवळ्या साड्या वाळल्या’ या वाक्यात अनेकवचन पाच ठिकाणी आहे. गिरणीच्या खडखडाटात त्यातले दोन शब्द ऐकू आले नाहीत तरी साडी एक नव्हती हे कळतं. ‘येतेस का?’ एवढ्यानेच समोर एकच व्यक्ती आहे, ती बाई आहे, आणि तिला अरे-तुरे करण्याइतकी ओळख आहे, हे तिन्ही कळतं. ‘तू’ त्यावर वरचा.

चेक हातात घ्या. रक्कम आकड्यात आहे आणि अक्षरीही आहे. माहिती एकच, दोनदा लिहिलेली, दोन वेगळ्या पद्धतींनी. आकड्यात एक शून्य वाढवणं सोपं, ‘पाच हजार’चं ‘पन्नास हजार’ करणं अवघड. दोन्ही जुळले नाहीत तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात. केळीचा भाव फोनवर सांगताना ‘एकोणसाठ, पाच-नऊ’ असं म्हणतात तीही हीच युक्ती. एकोणसाठ आणि एकोणसत्तर एका खरखरीत सारखेच ऐकू येतात.

आता हेच एका अंकात कसं बसवतात ते किराणा मालाच्या पुड्यावर बघू. बारकोडखाली १३ अंक असतात. पहिले १२ माहिती सांगतात, तेरावा नुसता तपासनीस. नमुन्याला ८९०१२३४५६७८० हे १२ अंक घ्या.

१. डावीकडून विषम जागांवरचे अंक मिळवा : ८+०+२+४+६+८ = २८.
२. सम जागांवरचे मिळवा : ९+१+३+५+७+० = २५. याला ३ ने गुणा : ७५.
३. दोन्हींची बेरीज १०३. पुढचा दहाच्या पटीतला आकडा ११०. फरक ७. तेरावा अंक ७.

बिल करणाऱ्याने हाताने टाइप करताना ६ आणि ७ यांची अदलाबदल केली तर बेरीज १०१ येते, तपासनीस ९ हवा होता, आहे ७, यंत्र नाकारतं. पण ही पद्धत सर्वज्ञ नाही. शेजारच्या दोन अंकांत बरोबर ५ चा फरक असेल, जसे १ आणि ६, तर अदलाबदलीने बेरीज बरोबर १० ने बदलते आणि चूक निसटते. आधारच्या १२ अंकांमधला शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. ती शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते. (जाता जाता : सुरुवातीचे ८९० म्हणजे माल भारतात बनला असं नव्हे, क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला एवढंच.)

या सगळ्याला इंग्रजीत ‘रिडन्डन्सी’च म्हणतात आणि इथे ‘अनावश्यक अंक’ असं भाषांतर केलं तर गणिताचा जीवच जातो. ‘तपासणीसाठी जोडलेली जादा माहिती’ असं सरळ लिहा.

यंत्रातली रिडन्डन्सी : स्टेपनी आणि डीपी

वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे बनलेल्या जादा चाकावरून आपल्याकडे प्रत्येक राखीव चाकाला ‘स्टेपनी’ हे नाव पडलं. नवशिक्याला ‘रिडन्डन्ट’ समजवायचं तर यासारखं उदाहरण नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना भेटतात. तिथल्या कुठल्याही ट्रकमागे दोन्ही प्रकार दिसतील. मागचं जोडचाक कायम फिरत असतं, एक फुटलं तर दुसरं गाडी कडेला घेईपर्यंत सांभाळतं : ही ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘हॉट’ रिडन्डन्सी. स्टेपनी थंड पडलेली असते, उतरवून बसवावी लागते : ही ‘कोल्ड स्टँडबाय’. दोन्हींचे तोटेही तिथेच कळतात. जोडचाक सोबत झिजतं. स्टेपनी झिजत नाही, पण तिच्यातली हवा कधी गेली हे पंक्चर होईपर्यंत कुणाला कळत नाही. इंग्रजी कागदात ‘डॉर्मंट फेल्युअर’ असं वाचलं की हवा गेलेली स्टेपनी आठवा. उपाय एकच, राखीव वस्तू ठरलेल्या तारखेला चालवून बघणं. जनरेटर महिन्यातून एकदा भारावर चालवला नाही तर तो असून नसल्यासारखा.

‘एन प्लस वन’ म्हणजे गरज जेवढी आहे त्यावर एक जादा : तीन पंप लागतात, चार बसवले. ‘टू एन’ म्हणजे सगळंच दुप्पट : तीन लागतात, सहा बसवले. मराठीत ‘गरजेपेक्षा एक जादा’ आणि ‘दुहेरी’ हे शब्द पुरतात.

आता शेतावर या. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, केळी उभी, एक मोटर नेहमी बिघडते म्हणून शेजारी दुसरी बसवली. समजा प्रत्येक मोटर १०० दिवसांत १० दिवस बंद असते आणि दोघींच्या बिघाडाचा एकमेकींशी संबंध नाही. दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता दहा टक्क्यांचे दहा टक्के, म्हणजे १०० पैकी १ दिवस. कागदावर काम फत्ते. पण दोन्ही मोटरी एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर आहेत आणि डीपी जळून १०० पैकी ५ दिवस लाइट नसते. मग पाणी सुमारे ६ दिवस बंद राहणार. एकाच मोटरीवर ते साडेचौदा दिवस बंद राहिलं असतं, म्हणजे फायदा झाला. पण तिसरी मोटर घेतली तरी आकडा पाचाच्या खाली येत नाही. आता पैसा मोटरीत घालायचा नाही. सौर पंपात किंवा डिझेल इंजिनात घालायचा, म्हणजे दुसरी वाट डीपीवर अवलंबून राहत नाही.

सर्वांना एकाच वेळी खाली ओढणाऱ्या अशा कारणाला इंग्रजीत ‘कॉमन मोड फेल्युअर’ म्हणतात. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणा दोन होत्या, एक चालू आणि एक राखीव. पण दोन्हींत सॉफ्टवेअर एकच. मोठा आकडा लहान जागेत मावला नाही, आधी राखीव बंद पडली आणि पाठोपाठ त्याच कारणाने चालू यंत्रणाही. दोन मोटरी, एक डीपी.

आणखी एक गल्लत ठिबकवाल्यांची होते. सँड फिल्टर आणि त्यापुढे जाळीचा फिल्टर, म्हणजे रिडन्डन्सी झाली असं धरतात. दोन्ही एकामागे एक आहेत. कुठलाही एक तुंबला तरी पाणी अडतं. पाणी चालू राहावं यासाठी रिडन्डन्सी हवी असेल तर दोन वाटा समांतर लागतात, प्रत्येकीला आपला व्हॉल्व्ह. केळीच्या एका ओळीला दोन्ही बाजूंनी एकेक लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी टाकली, तर ती खरी जोड : एकीचे ड्रिपर क्षाराने बुजले तरी झाड पूर्ण कोरडं पडत नाही.

संगणकात अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. या लघुरूपातला पहिला शब्द ‘रिडन्डन्ट’च आहे, ही कल्पना बर्कलीच्या तिघा संशोधकांनी १९८८ मध्ये मांडली. ४ टीबीच्या दोन डिस्क ‘रेड १’मध्ये जोडल्या तर वापरायला ४ टीबीच मिळतात, दुसरी आरसा. तीन डिस्क ‘रेड ५’मध्ये जोडल्या तर ८ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत. ‘रेड ०’ नावात ‘रिडन्डन्ट’ मिरवतं, पण त्यात रिडन्डन्सी शून्य. एक डिस्क गेली की सगळं गेलं. आणि चुकून फाइल पुसली तर आरशातूनही त्याच क्षणी पुसली जाते, म्हणून रेड असलं तरी बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो.

उरलेली घरं, भराभर

डेटाबेसमध्ये ‘रिडन्डन्सी’ बहुतेक वेळा तक्रार म्हणूनच येते. विद्यार्थ्याचा पत्ता प्रवेशाच्या शीटमध्ये, शिष्यवृत्तीच्या शीटमध्ये आणि बसपासच्या शीटमध्ये वेगवेगळा भरला; तो अमळनेरहून चोपड्याला गेला, एकाच ठिकाणी बदललं, आता खरा पत्ता कुठला? चेकवरही माहिती दोनदाच आहे, मग ती चांगली आणि ही वाईट का? चेकवर दोन्ही नोंदी ताडून बघणारा माणूस आहे आणि जुळल्या नाहीत तर कुठली खरी हा नियम ठरलेला आहे. शीटमध्ये दोन्ही नाहीत. इथे ‘नोंदींची पुनरावृत्ती’ हा शब्द नेमका बसतो.

बांधकामात ‘रिडन्डन्ट मेंबर’ म्हणजे समतोलापुरत्या लागणाऱ्या दांड्यांवरचा जादा दांडा. सपाट कैचीचं, म्हणजे ट्रसचं सूत्र : दांडे = सांध्यांची दुप्पट वजा ३. चौकोनी चौकटीला चार सांधे, म्हणजे ५ दांडे हवेत : चार बाजू, एक कर्ण. दुसरा कर्ण टाकला की दांडे ६, एक रिडन्डन्ट. एक कर्ण तुटला तरी चौकट उभी राहते. किंमत अशी की सहावा दांडा दोन मिलिमीटर कमी कापला गेला तर तो ओढून बसवावा लागतो आणि वजन पडण्याआधीच चौकटीत ताण शिरतो. शिवाय दांड्यांमधले जोर नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी निघत नाहीत.

जीवशास्त्रात ६४ कोडॉनपैकी (जनुकीय संकेतातले तीन-तीन अक्षरांचे शब्द) ६१ मिळून फक्त २० अमिनो आम्लं सांगतात, उरलेले ३ थांबण्याचे. एकाच आम्लाला अनेक कोडॉन, हीही रिडन्डन्सी. पाठ्यपुस्तकात तिलाच ‘डीजनरसी’ म्हटलेलं आढळेल.

स्पेलिंग आणि उच्चार

अक्षरं अशी : आर-ई-डी-यू-एन-डी-ए-एन-सी-वाय. दुसऱ्या ‘डी’नंतर ‘ए’ येतो. ‘टेन्डन्सी’च्या सवयीने तिथे ‘ई’ पडतो आणि परीक्षेत तिथेच गुण जातो. विशेषण ‘रिडन्डन्ट’ आठवा, त्याच्या शेवटी ‘ए-एन-टी’ आहे, ‘अबन्डन्ट’सारखंच. उच्चारात जोर पहिल्या ‘डन्’वर : रि-डन्-डन्-सी. दोन्ही ‘डन्’ सारख्याच जोराने म्हणू नका, दुसरा जवळजवळ गिळायचा असतो.